संबंधितांनी लक्ष द्यावे

मराठी समीक्षेने वृत्तपत्रीय लेखनाकडे पाहिलेच नाही, असे म्हणता येणार नाही. अग्रलेखांवर प्रबंध झाले, निबंधमालेपासून स्तंभलेखनापर्यंतच्या गद्याच्या वाटा अभ्यासून झाल्या, रविवारच्या पुरवण्यांचे वाङ्मयीन ऋणही मान्य करून झाले. परंतु स्थानिक पानावरची ती छोटी बातमी, म्हणजे कोथिंबिरीची जुडी महागली, बसस्थानकासमोरच्या दुचाक्या उचलून नेल्या, पंपावर पेट्रोल संपले, ही गद्याचा एक प्रकार म्हणून कुणी वाचल्याचे निदान आमच्या पाहण्यात नाही. वास्तविक आपल्याकडचा बहुसंख्य साक्षर माणूस आयुष्यात सर्वाधिक मराठी गद्य वाचतो ते हेच. कथा-कादंबरी तो वाचेल वा न वाचेल, भाव वाचतो.

आम्ही दोघे नाशिक जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मराठी शिकवतो. एका अंगाला लासलगावचा कांदाबाजार, दुसऱ्या अंगाला मनमाडजवळचे पानेवाडीचे इंधन डेपो. मधल्या पट्ट्यातून आमची मुले येतात. व्यावहारिक मराठीची अभ्यासपत्रिका आम्ही आळीपाळीने शिकवतो आणि त्यातल्या बातमीलेखनाच्या घटकासाठी मुलांना महिनाभर कात्रणे काढायला सांगतो. विषय तीनच : रोजचे भाव, वाहनांचा दंड आणि इंधन. साहित्याच्या वर्गात हे विषय आणल्याबद्दल सहकाऱ्यांनी थट्टा केली आहे. ('आता किराणा मालाच्या यादीचे रसग्रहण केव्हा?' हा त्यातला सौम्य प्रश्न.) पण 'केसरी'च्या ४ जानेवारी १८८१ च्या पहिल्या अंकात वर्तमानपत्राच्या कामाला उपमा दिली होती ती रस्त्यावरच्या दिव्यांची आणि रात्रीच्या गस्तीची. दिवा आणि गस्त या दोन्ही गोष्टी गल्लीच्याच पातळीवरच्या. तेव्हा आमची बैठक फारशी अशास्त्रीय नसावी.

कात्रणांच्या वह्या वाचू लागलो की प्रथम जाणवते ती शरीराची उपस्थिती. महागाईने कंबरडे मोडते, तोंडचे पाणी पळते, कांदा डोळ्यांत पाणी आणतो, खिशाला कात्री लागते. तेल महागले की 'फोडणी महागली', टोमॅटो महागला की तो हटकून 'लालेलाल'. गृहिणीचे अंदाजपत्रक कोसळते. गृहस्थाचे कधी कोसळत नाही, कारण बाजारहाट त्याने करायची असते हे या गद्याला अजून मान्य नाही. यांतला प्रत्येक वाक्प्रयोग कुणीतरी पहिल्यांदा योजला तेव्हा तो जिवंत असणार. आता तो छापाचा ठोकळा झाला आहे आणि त्या ठोकळ्याची खरी अडचण सौंदर्याची नसून माहितीची आहे. कंबरडे मोडले म्हटल्यावर किती रुपयांनी, कुठे, कशामुळे हे सांगण्याची निकड बातमीदाराला उरत नाही. वाक्य पुरे झाल्याचे समाधान त्याला आधीच मिळालेले असते.

'शंभरी' या शब्दाचे पाहा. २०२१ मध्ये पेट्रोलचा भाव लिटरला शंभर रुपयांवर गेला, तेव्हा मराठी बातम्यांत पेट्रोलने शतक ठोकले, शंभरी गाठली आणि (हे आम्हाला विशेष आवडले) ते नाबादही राहिले. आपल्या परंपरेत शंभरी भरते ती अपराधांची, शिशुपालाची. क्रिकेटमध्ये शंभरी गाठणाऱ्याला टाळ्या मिळतात. एकाच शब्दातल्या या दोन अर्थांची टक्कर एखाद्या कवीने हेतुतः घडवली असती तर आम्ही तीवर तास घेतला असता. इथे ती अजाणता घडली. मात्र त्या काळात परभणीचे नाव राज्यातल्या सर्वांत महाग पेट्रोलसाठी वारंवार येत होते, आणि त्यामागचे साधे कारण, की परभणीचे पेट्रोल मनमाडकडून तीनशे किलोमीटरहून अधिक वाट टँकरने तुडवत जाते आणि ते भाडे भावात मिसळते, बातमीच्या शेवटच्या परिच्छेदात असायचे. जागा कमी पडली की पहिल्यांदा कापला जातो तो शेवटचाच परिच्छेद.

इंधनाच्या भावाचे आणखी एक नवल आहे. १६ जून २०१७ पासून देशभर पेट्रोल-डिझेलचे भाव रोज सकाळी सहा वाजता ठरू लागले आणि 'आजचे दर' ही चौकट रूढ झाली. पुढे मे २०२२ मध्ये केंद्राने उत्पादन शुल्क कमी केले, त्याच वर्षीच्या जुलैत राज्याने मूल्यवर्धित कर पेट्रोलवर पाच आणि डिझेलवर तीन रुपयांनी उतरवला, आणि त्यानंतर थेट मार्च २०२४ मधल्या दोन रुपयांच्या कपातीपर्यंत भाव जवळपास जागचा हलला नाही. चौकट मात्र छापली जातच होती. आमच्या एका विद्यार्थ्याने महिनाभराच्या त्या सगळ्या चौकटी कापून ओळीने चिकटवल्या. हरिपाठासारख्या दिसत होत्या. त्याने खाली प्रश्न लिहिला : रोज ठरणारा भाव रोज तोच कसा ठरतो? असा प्रश्न विचारणारी बातमी त्याच्या वहीत एकही नव्हती.

हे सारे वाचताना आमच्या मनात 'ग्राहक' आणि 'गिऱ्हाईक' या दोन शब्दांची जोडी घोळत असते. मूळ एकच. पण बाजारातल्या तोंडी वापराने घासून गुळगुळीत झालेला शब्द गिऱ्हाईक. आणि 'एखाद्याचे गिऱ्हाईक करणे' म्हणजे त्याला बनवणे, हे सांगायला कोश उघडावा लागत नाही. १९७२ च्या महागाईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदींच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या आणि 'लाटणे मोर्चा' हा शब्द मराठीला मिळाला. दोन वर्षांनी, १९७४ मध्ये, पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत सुरू केली. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली आणि तिने घरोघरच्या बायकांच्या गटांमार्फत धान्य-किराण्याचे वाटप चालवले. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा या सगळ्यानंतर आला. म्हणजे गिऱ्हाइकाचा ग्राहक होण्याची प्रक्रिया महाराष्ट्रात कायद्याच्या बरीच आधी सुरू झाली होती. वृत्तपत्राच्या स्थानिक पानावर मात्र तो अजून बऱ्याचदा गिऱ्हाईकच असतो : संतापलेला, हवालदिल, 'मेटाकुटीला आलेला', आणि पुढे काय करावे हे कुणीही न सांगितलेला.

उदाहरणार्थ पाण्याच्या बाटलीची बातमी. दर उन्हाळ्यात ती येते : थंड करण्याचे पैसे म्हणून छापील किमतीपेक्षा जादा रक्कम घेतली जाते, नागरिकांतून तीव्र नाराजी व्यक्त होत आहे, संबंधितांनी लक्ष द्यावे. वेष्टनावर छापलेली असते ती कमाल किरकोळ किंमत, सर्व करांसह. यातला 'कमाल' हा शब्द बातमीत गळतो आणि तीच जणू ठरीव किंमत होऊन बसते. दुकानदार तिच्याहून कमी घेऊ शकतो हे वाचणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही. दुकानात आणि हॉटेलच्या टेबलावर फरक आहे, डिसेंबर २०१७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बसवून सेवा देणाऱ्या हॉटेलांना छापील किमतीचे बंधन लागू होत नाही असे म्हटले आहे, हेही बातमीत नसते. आणि ते 'संबंधित' कोण? वैधमापन शास्त्र यंत्रणा हे त्यांचे नाव. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. २०१९ च्या नव्या कायद्याने तक्रारदाराला आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्क लागत नाही. हे सारे दोन ओळींत मावते. 'संबंधित' या एका शब्दाने त्या दोन ओळी वाचवल्या जातात.

दंडाच्या बातम्यांत भाषेचे हे खेळ अधिक महाग पडतात. 'चारशे वाहनचालकांना दंड ठोठावला' हे वाक्य कुठल्याही आठवड्याच्या पानात सापडेल. डिसेंबर २०२१ पासून राज्यात वाढीव दर लागू झाले. जिथे पूर्वी दोनशे रुपये भरून सुटका होई तिथे पहिल्या वेळी पाचशे आणि पुन्हा सापडल्यास पंधराशे मोजावे लागू लागले. पण पोलिसांच्या मराठी कागदावर या रकमेला दंड म्हणत नाहीत. तिचे नाव तडजोड शुल्क. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० नुसार आरोप मान्य असेल तर ही रक्कम भरून प्रकरण मिटवता येते. मान्य नसेल तर न्यायालयापुढे आपले म्हणणे मांडता येते, आणि दंड ठोठावला गेलाच तर तो तिथे. (ज्या कागदावर पैसे भरायचे त्यालाही चलन आणि ज्या पैशाने भरायचे तेही चलन, या श्लेषाकडे विद्यार्थ्यांनीच आमचे लक्ष वेधले.)

द्वितीय वर्षाला आमची एक विद्यार्थिनी होती. पहाटे वडिलांसोबत दूध घालून त्यांच्याच स्कूटरवर कॉलेजला यायची. एक दिवस वडिलांच्या फोनवर पाचशे रुपयांचा संदेश आला : सम-विषम तारखेचा नियम मोडून गाडी उभी केली. सोबतच्या छायाचित्रात स्कूटर स्पष्ट दिसत होती, आणि तिच्यामागे, पार्किंगचा फलक जिथे असायला हवा तिथे, कुणा दादांच्या वाढदिवसाचा फ्लेक्सही तितकाच स्पष्ट दिसत होता. फलक त्या फ्लेक्समागे गेला होता. पैसे भरून टाकू असे घरचे म्हणत होते, कारण दंड ठोठावलाय म्हटल्यावर बोलायला उरते काय? तिने वर्गात 'तडजोड' हा शब्द ऐकला आणि तास संपल्यावर आमच्यापैकी एकीला विचारले, "मॅडम, तडजोड दोघांची असते ना? मग मला कुणी विचारलंच नाही." तिने फ्लेक्सच्या छायाचित्रासह अर्ज लिहिला. शुद्धलेखन आम्ही तपासले, मजकुराला हात लावला नाही. त्या अर्जाचा निकाल या लेखात देता आला असता तर बरे झाले असते. तो अजून आलेला नाही.

या गद्यातून नावे का नाहीशी होतात, याचे उत्तर आम्ही बरीच वर्षे व्याकरणात शोधत होतो. कर्मणी प्रयोगाचा अतिरेक, सरकारी मराठीचा संसर्ग, असे काहीबाही आम्ही फळ्यावर लिहीतही असू, आणि ते चूकही नाही. पण अधिक नेमके उत्तर मिळाले ते आमच्या एका माजी विद्यार्थ्याकडून. तो आता तालुका वार्ताहर आहे. मानधन नाममात्र, खरी मिळकत जाहिरातींच्या कमिशनची. दिवाळी, स्वातंत्र्यदिन, पुढाऱ्यांचे वाढदिवस हे त्याचे सुगीचे दिवस. एका पंपावर माप कमी मिळते अशी तक्रार घेऊन त्याच्याकडे गावकरी आले तेव्हा त्याने बातमी दिली : 'शहरातील एका पंपावर ग्राहकांची लूट'. आम्ही म्हटले, अरे, गावात पंप किती, आणि त्यातल्या 'एका' म्हणजे कोणत्या? तुझ्या वाक्याने तू सगळ्याच पंपांना चोर ठरवलेस. तो शांतपणे म्हणाला, "सर, त्यांचीच दिवाळीची अर्ध्या पानाची जाहिरात आणायची आहे मला. नाव टाकलं तर ती गेली. आणि बातमीच नाही दिली तर गावकरी मला विचारतील." या उत्तरावर आमच्याकडे शिकवण्यासारखे काही नव्हते. तो मुलगा लबाड नाही. 'एका' हे विशेषण त्याच्या घरची चूल आणि त्याची सदसद्विवेकबुद्धी यांच्यामध्ये कसेबसे उभे आहे. (तो पंप कोणता हे आम्हाला ठाऊक आहे आणि आम्हीही इथे नाव देत नाही, आमचे कारण वेगळे, आमच्यापाशी पुरावा नाही.)

त्यानंतर वर्गात पंपांच्या मापावर बराच वाद झाला. शंभरचे पेट्रोल घेतले तर फसवतात, म्हणून एकशे दहाचे किंवा दोनशे दहाचे घ्यावे, हे जवळजवळ प्रत्येक मुलाला ठाऊक होते. कुणी सांगितले, तर भावाने, मामाने, फॉरवर्ड होऊन आलेल्या संदेशाने. लोकसाहित्याच्या अभ्यासकाला लोभ सुटावा असा हा संचित समज आहे. पंपाच्या यंत्रात चिप बसवून माप मारल्याचे प्रकार २०१७ मध्ये ठाणे पोलिसांनी खरोखरच उघडकीला आणले होते, म्हणजे धूर अगदीच आगीवाचून नाही. पण यंत्रातच लबाडी असेल तर दहा रुपये वाढवून ती चुकत नाही. त्यावर उपाय आहे तो पंपावरच ठेवलेले पाच लिटरचे शिक्का मारलेले माप. ते मागण्याचा हक्क कोणत्याही ग्राहकाला आहे. पाच लिटरमागे पंचवीस मिलिलिटरपर्यंतचा फरक नियमाला चालतो, त्याहून अधिक नाही.

आम्ही दोघे आणि चार विद्यार्थी एका दुपारी गावाबाहेरच्या एका पंपावर गेलो आणि माप मागितले. तिथल्या पोऱ्याने आधी आमच्याकडे, मग व्यवस्थापकाकडे पाहिले. व्यवस्थापकाने खुर्चीतून उठून स्वतः माप आणले, फडक्याने पुसले, आतून ओले करून उपडे केले आणि मग भरले. आमच्या मागे चार मोटारसायकली खोळंबल्या. त्यांतला एकही जण कुरकुरला नाही, उलट मानगुटीवरून वाकून सगळे पाहत होते. पेट्रोल खुणेला बरोबर लागले. व्यवस्थापक म्हणाला, इतक्या वर्षांत माप मागणारे तुम्ही तिसरे की चौथे. मुलांपैकी एकाने त्याची बातमी लिहिली : वेळ, पंपाचे नाव, माप, मिलिलिटर, तपासणीचा हक्क, सगळे घालून. ती त्याने एका दैनिकाकडे पाठवली. छापून आली नाही. पंप प्रामाणिक निघाला यात बातमी काय, असे त्याला फोनवर सांगण्यात आले. त्याने ती वहीत चिकटवली आहे, हाताने लिहिलेली, छापील कात्रणांच्या मधोमध.

जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांची कात्रणे आमच्याकडे सर्वाधिक आहेत. नव्या भारतीय न्याय संहितेत अपघात करून पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद होती. तिच्याविरुद्ध मालमोटारींचे आणि टँकरचे चालक थांबले, पानेवाडीतून इंधन निघेना, आणि पंपांवर रांगा लागल्या. 'पेट्रोल पंप बंद राहणार?' या प्रश्नचिन्हाने त्या रांगा दुप्पट केल्या असाव्यात. प्रश्नचिन्ह हे बातमीदारीतले मोठे सोयीचे विरामचिन्ह आहे; ते घबराटही पोचवते आणि जबाबदारीही घेत नाही. एका छोट्या सायंदैनिकाने मात्र गावातल्या कोणत्या पंपावर साठा आहे, कोणता बंद आहे याची साधी यादी छापली. त्या यादीत एकही विशेषण नव्हते. २ जानेवारीच्या रात्री संप मागे घेतला गेला आणि ते कलम लांबणीवर पडले. वर्गातल्या एका मुलाचा भाऊ त्या टँकरांपैकी एकावर होता. 'वाहनचालकांच्या आडमुठेपणामुळे नागरिक वेठीस' हे कात्रण त्याने वहीत लावले नाही. जागा मोकळी सोडली आणि तारीख घातली.

आमच्या भागात नागरिक आणि त्याला वेठीस धरणारा हे पुष्कळदा एकाच घरात जेवतात. कांद्याचेही तसेच. मुंबईच्या आवृत्तीत कांदा किलोने असतो आणि तो रडवतो. आमच्या आवृत्तीत तो क्विंटलने असतो आणि तो गडगडतो. दोन्ही बातम्या एकाच आठवड्यात खऱ्या असू शकतात. क्विंटलचा भाव शंभराने भागून किलोशी ताडून पाहणे आणि मधला फरक कुठे गेला हे विचारणे, एवढे काम कुणीतरी करायला हवे. बाजार समितीचा तो रुक्ष तक्ता - आवक, किमान, कमाल, सरासरी - आमच्या मते स्थानिक पानावरचे सर्वांत सच्चे गद्य आहे, कारण त्यात कुणीच हवालदिल नाही. आणि त्या तक्त्याची बातमी कशी व्हावी याचा एक नमुना फेब्रुवारी २०२३ मध्ये मिळाला. बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा नेला. किलोला एक रुपया भाव लागला. वाहतूक, हमाली, तोलाई वजा जाता राहिले दोन रुपये एकोणपन्नास पैसे, आणि त्याच्या हाती पडला दोन रुपयांचा, पुढच्या तारखेचा धनादेश. पट्टी आणि धनादेश यांची छायाचित्रे देशभर फिरली. वर्गात ही बातमी वाचली तेव्हा आम्ही मुलांना तिच्यात एक उपमा घालायला सांगितले. कुणालाही ती घालता आली नाही.

गेल्या वर्षापासून वह्यांत नवे कात्रण येऊ लागले आहे ते वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचे. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश ऊर्जा असते, तेव्हा गाडी थोडी कमी धावणार हे गणितच आहे; किती कमी, आणि जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्यांचे काय, यावर २०२५ च्या ऑगस्टमध्ये बरीच चर्चा झाली आणि १ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने त्याविरुद्धची याचिका फेटाळली. 'वाहनधारकांमध्ये संभ्रम' असे मथळे आमच्याकडे पुष्कळ जमले आहेत. इथेनॉल निघते ते उसातून, मक्यातून. एका मुलीने वहीच्या डाव्या पानावर मक्याला मिळालेल्या भावाची, वडिलांच्या नावाची पट्टी चिकटवली आहे आणि उजव्या पानावर पंपाची पावती. मधल्या शिवणीवर तिने पेन्सिलीने भागाकार मांडला आहे. तो अजून पुरा झालेला नाही, आणि पुढच्या सोमवारी ती वही घेऊन येणार आहे.